काखेतल्या काळ्या गाठी

आमच्या गल्लीतल्या एका बाईंचे ब्लाउज मी दोन मापांनी शिवते. डावी बाही एका मापाची, उजवी तिच्या दीडपट. काही वर्षांपूर्वी त्यांच्या छातीतली गाठ काढली तेव्हा काखही पुरती साफ केली, आणि तो हात सुजला तो सुजलाच. दंडाभोवती टेप फिरवली की त्या दुसरीकडे बघतात. मीही उगाच कापडाच्या रंगाबद्दल बोलत राहते. कापड त्या नेहमी थोडं जास्तच आणतात. पुढंमागं बाही वाढवावी लागली तर असू दे, म्हणतात.

म्हणून ताईचा फोन आला आणि "उजवीकडे छातीमा गाठसारखं काहीतरी हातले लागस" असं ती म्हणाली, तेव्हा मरणाबिरणाच्या आधी मला ती बाही दिसली. ब्लाउज शिवणारीची बुद्धी बाहीपलीकडे जाणार तरी किती? मरण त्याच्या मागोमाग दिसलं. शहाद्याच्या दुकानात मशीनवर पाय ठेवून मी बसले होते, आणि तो पाय काही केल्या हलेना. समोर गिऱ्हाईक उभं होतं. ते काय बोलत होतं ते मला आजही आठवत नाही.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तापीकाठच्या गावात दिलेली. घरची केळी, थोडी पपई, आणि गोठ्यात म्हशी. त्या म्हशींना ताईशिवाय दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. दाजींनी एकदा धार काढायचा प्रयत्न केला, तर बादलीसकट उताणे पडले होते. घाबरणं हे आमच्या घरात माझं खातं. पाल दिसली की मी खुर्चीवर चढते आणि ताई तिला झाडूने हाकलते, असं लहानपणापासून वाटून घेतलेलं. या वेळी खुर्चीवर चढून भागणार नव्हतं.

सुई घालून तपासणी झाली आणि कॅन्सर निघाला. नंदुरबारच्या ज्या दवाखान्यात हे कळलं, तिथं ठराविक दिवशी सुरतेहून एक सर्जन येतात. मराठी चांगलं बोलतात, मधूनच गुजराती डोकावते. गाडीच्या डिकीतून ते एक पेटी स्वतः उतरवतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. तिच्यात कॅमेरा असतो. हा कॅमेरा कशाला, ते त्यांनी आम्हाला टेबलावर पेन फिरवत समजावलं.

प्रत्येकाच्या काखेत डाळीच्या दाण्याएवढ्या, वाटाण्याएवढ्या गाठी असतात, ग्रंथी म्हणतात त्यांना. कॅन्सर छातीतून बाहेर पडला तर बहुतेक वेळा आधी तिथं जातो. "पण एकदम सगळीकडं नाही जात," ते म्हणाले. "सुरतहून येताना मला विसरवाडीचा फाटा लागतोच. फाट्यावर उभं राहिलं की कळतं, नंदुरबारकडं कोण वळलं. काखेतसुद्धा असा एखादा फाटा असतो. तोच शोधायचा." छातीतल्या गाठीजवळ एक रंग टोचायचा. तो आपल्या वाटेनं काखेत जातो आणि पहिल्या ग्रंथीत थांबतो. नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण या कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती ग्रंथी हिरवी उजळते. ती काढायची, शेजारच्या खोलीत दुसऱ्या डॉक्टर बसलेल्या असतात त्यांच्याकडे द्यायची. त्या ती कापून काचेवर दाबतात, ठसा उठवतात, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेशंट तोवर टेबलावरच. ठसा स्वच्छ असला तर बाकीची काख तशीच ठेवायची.

"आणि नसला तर?" मी विचारलं.

"तर सगळी साफ करावी लागते."

"मग हात?"

"सुजू शकतो. सगळ्यांचाच सुजतो असं नाही."

ताईने एवढंच विचारलं, "धार काढता यी का?" डॉक्टर म्हणाले, त्यासाठीच तर ही पेटी वागवतो, ताई.

मग त्यांनी तिला तपासलं. सोनोग्राफीत काख ठीक दिसत होती. उजवा हात उलटा करून पाहताना ते थांबले. मनगटापासून वर एक पांढुरका पट्टा होता. "हे काय?" त्यांनी विचारलं. "तेल उडालं होतं," ताई म्हणाली. दाजी शेजारीच उभे होते. ताईने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

तेल नव्हतंच ते. ताईची पहिली सुपारी फुटली तेव्हा ती नुकती कॉलेजात जायला लागली होती. त्या वर्षी आम्ही दोघी सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. घोड्यांच्या बाजारापलीकडे गोंदणारे बॅटरीचं मशीन घेऊन बसतात. मी मनगटावर बारका विंचू काढून घेतला आणि यात्रा गोळा होईल इतकी रडले. ताईने दात आवळून हातावर त्या मुलाचं नाव गोंदवून घेतलं, आडनावासकट. आमच्याकडे सुपारी फुटली म्हणजे अर्धं लग्न लागलं, बरोबरीच्या मुलींनी गोंदवलं होतं, तिनेही गोंदवलं. उन्हाळा यायच्या आत ते लग्न मोडलं. मोडल्याचं सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं, पुढं दाजींच्या घरीही ठाऊक होतं, आणि त्यांनी ते मोठ्या मनाने पोटात घातलं. पण मोडलेली सुपारी लोक विसरतात, हातावरचं नाव कोण विसरणार? माय तिला सुरतेला मामाकडे घेऊन गेली. तिथल्या कातडीच्या डॉक्टरने यंत्राचा झोत मारून मारून ते नाव घालवलं. बऱ्याच खेपा झाल्या. शाई फुटते आणि अंगात विरून जाते, असं तो म्हणाला होता. अंगात कुठं, ते आम्ही विचारलं नाही. नाव गेल्याशी मतलब होता. तेलाची गोष्ट मायनेच रचली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाली, आणि मला गळ्याची शपथ घातली. पुढं माय गेली. मग ते फक्त आम्हा दोघींपाशी उरलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दवाखान्यात ताईच्या बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र काढायला लावलं. ते तिच्या सासूने रुमालात बांधून कमरेला खोचलं. स्ट्रेचरवर ताई उगाच लहान दिसत होती. दार बंद व्हायच्या आधी तिने माझं बोट धरलं आणि म्हणाली, "सांजले म्हशीसले कोन देखी?" मी म्हणाले, बघेल कुणीतरी. धीराचं एखादं वाक्य तिला द्यायला हवं होतं, ते मला सापडलं नाही.

बाकावर आम्ही तिघं. दाजी, ताईची सासू आणि मी. सासूबाई कमी बोलणाऱ्या. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात गोंदणाने भरलेले, ठिपके, तुळस, पाळणा, काय काय. त्या रुमालावर हात ठेवून बसल्या होत्या. दाजी उठत होते, पाण्याच्या टाकीपर्यंत जात होते, पाणी न पिता परत येत होते. मी भीत होते. दार उघडलं की पाय गार पडत, आणि दार बंद झालं की का उघडलं होतं म्हणून पुन्हा गार पडत. आत हिरवी उजळली असेल का, कापली असेल का, काचेवर दाबली असेल का, एवढंच डोक्यात फिरत होतं. त्या बाईंची बाहीही फिरत होती.

मग सर्जन स्वतः बाहेर आले. इतक्या लवकर सर्जन बाहेर येतात ते चांगलं सांगायला नाही, हे कळायला शिक्षण लागत नाही. आम्हाला त्यांनी शेजारच्या खोलीत नेलं. तिथं पडदा होता. "हे बघा," ते म्हणाले. काळ्या पडद्यावर दोन हिरवे ठिपके उजळले होते. "रंग इथं पोचलाय. ह्या दोन काढायच्या. इथपर्यंत ठीक." मग त्यांनी दुसरं चित्र लावलं, साध्या उजेडातलं. मला वाटलं होतं रक्त दिसेल, म्हणून मी अर्धेच डोळे उघडे ठेवले होते. दिसल्या त्या काळ्या गाठी. काळ्याकुट्ट, दौतीत बुडवून काढाव्यात तशा. उजळलेल्या दोनांपैकी एक काळी होती, आणि तिच्या पलीकडे न उजळलेल्या आणखीही काळ्या होत्या.

"नेहमीचा कॅन्सर असा काळा दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "कातडीवरच्या तिळातून उठणारा एक प्रकार असतो, तो दिसतो. तो असला तर सगळंच वेगळं होऊन बसेल. म्हणून विचारतोय. अंगावरचा एखादा काळा तीळ कधी काढला होता? टॅटू, गोंदण, काही?"

"नही साहेब," दाजी म्हणाले. "काहीच नही."

"हातावरचा तो पट्टा?"

"तेल उडेल शे. लगीनना पहिलेनं." दाजींनी हे इतक्या खात्रीने सांगितलं, की ते खोटं आहे हे माहीत असूनही मला क्षणभर खरं वाटलं.

डॉक्टरांनी मान हलवली. "मग मला धोका घेता येणार नाही. काळ्या दिसताहेत तेवढ्या सगळ्या काढतो. काख साफ करावी लागेल." असं म्हणून ते वळले.

माझी पाचावर धारण बसली. एकीकडे तिचा हात, दुसरीकडे तिचा संसार, आणि मधे मायची शपथ. माय असती तर तिने काय केलं असतं, हा विचार करायलाही वेळ नव्हता. डॉक्टरांचा हात दाराच्या मुठीवर होता. मी म्हणाले, "साहेब, तेल नव्हतं ते. गोंदण होतं. सुरतेला यंत्राने काढलं होतं."

ते थांबले. "लेझरनं?"

"हो."

"केवढं होतं? काळ्या शाईचं?"

नुसतं हातावर बोटं ठेवून 'एवढं' म्हणून दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण भीतीने जीभ एकदा सैल सुटली की तिला लगाम नाही. "हो, काळ्या. नाव होतं," मी म्हणाले. "आडनावासकट."

दाजींची मान माझ्याकडे वळली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मात्र एकदम जीव आला. त्यांना नावाशी काही देणंघेणं नव्हतं. लेझरने शाईचे बारीक कण होतात, ते म्हणाले, आणि ते काखेतल्या ग्रंथींत जाऊन बसतात. कातडीवरून जातात, अंगातून जात नाहीत. "बरं झालं सांगितलंत. आत ठसा बघणाऱ्या मॅडमना सांगतो, शाई समजून बघा. उजळलेल्या दोन्ही तपासतो. शाईशिवाय दुसरं काही नसलं तर बाकीच्या काळ्यांना हात लावत नाही. त्या हाताच्या आहेत, त्या राहिल्या तर हात वाचेल."

ते निघणार तेवढ्यात सासूबाईंनी त्यांना थांबवलं. दोन्ही हात पुढे करून विचारलं, "मंग मन्ह्या बी गाठी काया पडेल व्हतीन का?"

"असतील आजी," डॉक्टर म्हणाले. "कुणी आत बघितलं नाही म्हणून कळलं नाही." आणि ते गेले.

आम्ही पुन्हा बाकावर येऊन बसलो. सासूबाई स्वतःचे हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. दाजी या खेपेला उठले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेनंच नाव व्हतं?"

माझ्या डोक्यात सणक गेली. "दाजी, तठे तिनी काख उघडी शे, आनि तुम्ही आठे नाव इचारी ऱ्हायनात?"

मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मी एकदा म्हनेल व्हतं तिले. तेल इतलं सरय रेघमा उडस का, असं."

"मंग?"

"रडाले लागनी. परत कधी इचारं नही मी." त्यांनी हात गुडघ्यांवर दाबून धरले होते आणि नजर बंद दारावरून काढत नव्हते. तेव्हा मला कळलं की या माणसाला आत चाललंय त्याची एवढी भीती वाटतेय, की ती धरवत नाही, म्हणून हातात मावेल अशी एक छोटी भीती त्याने उचलली आहे. माझा राग उतरला नाही, पण भांडण मी तिथंच सोडलं.

आणि मग मला ते सुचलं. सुचलं नसतं तर बरं. त्या दोनातली जी एक उजळलीही होती आणि काळीही होती, तिच्यात शाई आणि कॅन्सर दोन्ही असतील तर? शाईच्या काळोखात चार वाईट पेशी लपून बसल्या, आणि मी शाई म्हणाले म्हणून ठसा बघणाऱ्या मॅडमनी शाईच पाहिली, तर? मी गप्प बसले असते तर सगळं काढलं असतं. हात सुजला असता, म्हशी विकल्या असत्या, मी ताईचे ब्लाउजही दोन मापांनी शिवले असते. पण ती राहिली असती. माझ्या बोलण्याने तिचा हात वाचला आणि जीव गेला, तर मी कुठं तोंड दाखवू? उठून त्या दारावर थापा माराव्यात आणि म्हणावं, साहेब, काढा सगळं, माझं ऐकू नका, असं वाटलं. मी उठलेही. सासूबाईंनी माझ्या साडीचा काठ धरला आणि खाली बसवलं. "बठ," त्या म्हणाल्या. "बोलाई गयं ते बोलाई गयं."

मी बसले. देवांची नावं घ्यायला लागले तर ती एकात एक मिसळायला लागली. कुठल्याशा देवीला मी शहाद्याहून चालत यायचं कबूल केलं, आणि ती नेमकी कुठली ते आता मला सांगता येणार नाही.

सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांनी टोपी काढलेली होती. मी त्यांच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं, बुटांकडे पाहत राहिले. "दोन्ही तपासल्या," ते म्हणाले. "मॅडमनी पुन्हा पुन्हा ठसे घेतले. कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. काळी होती तिच्यात शाई आहे. बाकीच्या काळ्या जागच्या जागी ठेवल्यात." मग एक बोट वर करून म्हणाले, हा घाईतला निकाल आहे. पक्का रिपोर्ट यायला काही दिवस जातील. ठशातून बारीकसं काही निसटू शकतं, तसं निघालं तर पुन्हा बोलू.

दाजी होते तिथंच खाली बसले, फरशीवर. मी रडले, आणि रडता रडता ते 'निसटू शकतं' ऐकून पुन्हा भ्याले. जिवात जीव आला म्हणतात, तो अर्धाच आला.

ताईला वॉर्डात आणलं तेव्हा दुपार कलली होती. डावीकडे सलाईन, उजवीकडे छाती आणि काख पट्ट्यांनी बांधलेली. तिला काय आणि कसं सांगायचं ते मी मनात जुळवत होते. आधी चांगलं सांगू, दुसरं घरी गेल्यावर, अगदी एकटी असताना सांगू, असं ठरवलं होतं. तिने डोळे उघडले, इकडंतिकडं पाहिलं आणि जड जिभेने विचारलं, "काय निंघनं?"

मी तोंड उघडेपर्यंत सासूबाई वाकल्या आणि तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, "शाई निंघनी, माय. दुसरं काहीच नही. उगी ऱ्हाय."

ताईचे डोळे मिटले आणि लगेच पुरते उघडले. तिने सासूकडे पाहिलं, मग दाजींकडे, आणि शेवटी माझ्याकडे. एवढ्या साऱ्या दिवसांत, गाठ लागल्यापासून, मी तिच्या चेहऱ्यावर भीती पाहिली नव्हती. ती तेव्हा पाहिली. गुंगीतच ती उजवा हात चादरीखाली ओढून घेऊ लागली, पांढुरका पट्टा झाकायला, आणि कळ गेली तशी विव्हळली.

"हालू नको, दुखी," दाजी म्हणाले. त्यांनी तो हात मनगटाशी धरला, अगदी हलक्या हाताने, आणि चादरीवर उघडाच ठेवला. त्यांचा अंगठा पट्ट्यावर होता आणि त्यांनी तो बाजूला घेतला नाही. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्या तोंडावर काय होतं ते मला नीट दिसलं नाही, कारण तोवर मी दोघांकडे पाठ फिरवली होती.